जेवणाच्या वेळी सापडलेला ऱ्ह

१६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे वर्धा स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभी होते तेव्हा पर्समध्ये तीन गोष्टी होत्या: दौरा मंजुरीची झेरॉक्स, आईने दिलेला डबा आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही. ही वही मी फक्त नागपूरच्या कार्यशाळांना नेते. खिडकीजवळ जागा मिळाली, तशी उघडली. शेवटची नोंद जानेवारी २०२० ची. पान उलटलं की पुढे सगळं कोरं.

मधल्या तीन वर्षांत प्रशिक्षणं झालीच नाहीत असं नाही. खूप झाली. एकेका आठवड्यात दोन-दोन व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, लागायच्या. पण त्यातलं एक वाक्यही या वहीत उतरवावंसं वाटलं नव्हतं, हे मला त्या दिवशी गाडीत समजलं. बुटीबोरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

मी विदर्भातल्या एका लहान नगर परिषदेत संगणक अभियंता आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे आमच्या कार्यालयातल्या चुकाही येणार आहेत. पद नगर परिषद राज्य सेवेतलं, पण कार्यालयात या पदावर मी एकटीच. मालमत्ता कराची मागणी बिलं, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, वेबसाइट, सीओ साहेबांच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या, डिजिटल सहीचं डोंगल, सर्वसाधारण सभेतला प्रोजेक्टर, सगळं माझ्याकडे. स्थापत्यवाल्या इंजिनिअरला अडलं तर तो गावातल्या दुसऱ्या इंजिनिअरला विचारतो. लेखापालाला लेखापरीक्षक भेटतो. मला माझ्या कामातलं दुसरं माणूस बघायला तालुका ओलांडावा लागतो.

म्हणून नागपूर. विभागातल्या सहा जिल्ह्यांमधून, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतून, आमच्यासारखी माणसं दोन दिवस एका छताखाली येणार होती. तीन वर्षांनी पहिल्यांदाच. सीओ साहेबांनी सुरुवातीला नाही म्हटलं होतं. त्यांचंही बरोबर होतं. फेब्रुवारी म्हणजे वसुलीचा हंगाम, थकबाकीदारांच्या याद्या रोज लागतात, आणि मी नसले की काउंटरवरचा प्रिंटर अडला तरी फोन मलाच येतो. मी म्हटलं, दोन दिवसांचा फोन उचलीन, पण मला जाऊ द्या. गेले.

नागपूर स्टेशनला उतरल्यावर पूर्वी ऑटोवाल्यांशी भाव करत सीताबर्डीला जावं लागायचं. यावेळी मेट्रोने गेले. डिसेंबरमध्ये, ११ तारखेला, पहिल्या टप्प्यातले उरलेले मार्ग सुरू झाले आणि रेल्वे स्टेशन अॅक्वा लाइनवर आलं. सीताबर्डीला गाडी बदलून ऑरेंज लाइनने एकच स्टेशन, झिरो माइल. खाली उतरून सिव्हिल लाइन्सकडे चालत निघाले. मार्चमधल्या सी-२० (जी-२० च्या नागरी संस्थांच्या गटाच्या) बैठकीसाठी भिंतींची रंगरंगोटी चालली होती, फूटपाथवर ओल्या सिमेंटचा वास होता. वाटेत एका ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले. तर्री चांगली झणझणीत होती, आणि त्या क्षणी मला खरंच नागपूरला आल्यासारखं वाटलं.

हॉलमध्ये नोंदणीच्या टेबलाशी मोठी गंमत झाली. तीन वर्षं ज्यांना पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात पाहिलं, ती माणसं समोर उभी. आवाज ओळखीचा, उंची अनोळखी. गोंदियाच्या मॅडमनी मला मागून आवाजावरून ओळखलं. "तुमचा माइक नेहमी खरखरते, ताई, तुम्हीच ना?" असं म्हणत त्यांनी दोन्ही हात हातात घेतले. आम्ही दोघी मिनिटभर तशाच उभ्या होतो. मागे रांग खोळंबली होती, पण कोणी काही बोललं नाही.

एक माणूस मात्र नव्हतं, आणि ते नसणार हे मला माहीत होतं. भंडाऱ्याकडचे एक सर. आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. जानेवारी २०२० मध्ये, विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे अपडेट मिळणं बंद झालं त्याच महिन्यात, आम्ही शेवटचे भेटलो. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता, आणि सर शांतपणे म्हणाले होते की मशीन जुनी असली तर तुम्ही रडाल, पण डेटा गेला तर गाव रडेल. जेवणानंतर त्यांनी माझी वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: "बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. उघडून पाहिला का?" खाली दोन रेघा. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर गेले. तेव्हा आम्ही सगळेच आपापल्या गावात मृत्यूनोंदणीच्या ढिगात बुडालेलो होतो. मी आणि एक ऑपरेटर रात्री दहापर्यंत बसायचो. बाहेर व्हरांड्यात नातेवाईक थांबलेले असायचे, कारण विम्याला, बँकेला, पेन्शनला, सगळीकडे दाखला लागत होता. त्याच आठवड्यात ग्रुपवर सरांची बातमी आली. हात जोडलेली चित्रं टाकण्यापलीकडे कोणाला काही करता आलं नाही. त्यांचा नंबर अजून ग्रुपमध्ये आहे.

उद्घाटनाच्या कार्यक्रमात याला जागा नव्हती. दुपारी जेवणाच्या आधी आम्ही सात-आठ जण बाहेर कडुनिंबाखाली आपणहून उभे राहिलो. कोणी घड्याळ लावलं नाही. मग एकाने डोळे पुसले आणि म्हणाला, चला, सरांना उपाशी राहिलेलं चालत नसे.

सकाळचं पहिलं मोठं सत्र सायबर सुरक्षेचं होतं. बोलणारे अधिकारी चांगले होते, विषय पक्का होता. सर्ट-इनने, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेले निर्देश त्यांनी नीट समजावले: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे, सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच प्रमाणवेळेशी जुळवायची. नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडून तिथलं काम कित्येक दिवस कागदावर चाललं, तो दाखला दिला. मग विचारलं, "तुमच्यापैकी कोणाकडे असं काही झालंय का?"

हॉल गप्प. पहिल्या दोन ओळींत वरिष्ठ बसलेले. एकही हात वर झाला नाही.

चहाच्या वेळी मी पाण्याच्या जारजवळ उभी होते. एक सहकारी जवळ आला. जिल्हा सांगत नाही. व्हीसीत याला मी नेहमी "ओके आहे, सर" एवढंच बोलताना ऐकलेलं.

"ताई, आत बोललो नाही. साहेब बसून होते ना समोर. पण आमच्याकडे हे होऊन गेलं."

"केव्हा?"

"दिवाळीनंतर. सोमवारी सकाळी सर्व्हर चालू केला, तर साऱ्या फायलींले कुलूप. इंग्रजीत चिठ्ठी, पैसे मागून राहिले."

"बॅकअप?"

"होता ना. बाहेरची डिस्क होती. पण ती सर्व्हरलेच लावून होती, रात्रंदिवस. तिच्यातलंही गेलं."

त्याचा चहा हातात तसाच थंड होत होता. मी विचारलं, मग परत उभं कसं केलं? तर कर विभागातले एक जुने लिपिक निवृत्त होईपर्यंत दर मार्चअखेर मागणी रजिस्टर छापून बांधून घ्यायचे. त्यांच्यामागून ती सवय टिकली होती. त्या बांधलेल्या रजिस्टरांवरून चार ऑपरेटरांनी दोन महिने बसून पुन्हा टाइप केलं. पावती पुस्तकांची कार्बन प्रत लावून लावून ताळा जुळवला. "आणि सहा तासांचं म्हणाल तर," तो म्हणाला, "सहा तासांत मले हेच समजलं नाही का पहिला फोन कोणाले करू."

हे वाक्य मी तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहिलं. सरांच्या ओळीनंतरची पहिली नोंद. बोलणं ऐकून आणखी तिघं जवळ आले. एकाकडे पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस, एकीकडे एकच पासवर्ड पाच जणांत वाटलेला, आणि तो कार्यालय सोडून गेलेल्या सहाव्यालाही माहीत. पंधरा मिनिटांच्या चहाचे चाळीस मिनिटं झाले. आत दुसरं सत्र सुरू झालं होतं. आम्ही गेलो नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

व्हीसीत हे कधीच निघालं नसतं. तिथे सीओ साहेब शेजारी बसलेले असतात, समोर जिल्ह्यावरचे वरिष्ठ, वर लाल ठिपका, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू. "काही अडचण?" असं विचारलं जातं तेव्हा अडचण सांगणं म्हणजे सगळ्या जिल्ह्यासमोर आपल्या साहेबांना उघडं पाडणं. मग माणूस म्हणतो, ओके आहे, सर. त्या ओकेच्या मागे कुलूप लागलेल्या फायली असतात, आणि शेजारच्या तालुक्यातली माणसं तीच डिस्क सर्व्हरला लावून निवांत झोपलेली असतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

आमच्या मालमत्ता कराच्या नोंदी पूर्वी डीव्हीबी-टीटी सुरेख फाँटमध्ये होत्या. माझ्या आधीच्या काळात त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलल्या गेल्या. तेव्हापासून एक दुखणं होतं. काही नावं स्क्रीनवर दिसतात, पण शोधली तर सापडत नाहीत. वऱ्हाडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे. आपल्या भागात या आडनावांना तोटा नाही, वऱ्हाड या नावातच हे ऱ्ह अक्षर आहे. काउंटरवर ऑपरेटर नाव टाइप करते, यंत्र म्हणतं नोंद नाही. समोरच्या माणसाच्या हातात वडिलांच्या नावाची पावती असते. एक आजी थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी तीनदा आल्या. आडनावात तोच ऱ्ह. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "बाई, मी घरपट्टी भरली, घरही उभं आहे, मग मी कुठं गेली?" मी त्यांना खुर्ची दिली, वॉर्ड आणि घर क्रमांकावरून हाताने शोधून दाखला दिला. पण दर वेळी हाताने शोधणं हा काही इलाज नव्हे.

दोन व्हीसींमध्ये मी हे मांडलं होतं. एकदा उत्तर आलं, फाँट इन्स्टॉल करा. दुसऱ्यांदा, तिकीट टाका. तिकीट टाकलं, ते "निकाली" म्हणून बंद झालं. मी चिडले, पण माझंही चुकत होतं. मला नीट सांगताच येत नव्हतं. स्क्रीनवर दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसायची. सारख्या दिसणाऱ्या गोष्टीत फरक आहे, हे दुरून कसं पटवणार?

दुपारी सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं, ताट हातात घेऊन चंद्रपूरकडच्या एका भावाशेजारी बसले. समोरचे लोक जामठ्याच्या कसोटीवर बोलत होते, ऑस्ट्रेलिया तीन दिवसांत कशी आटोपली आणि जडेजाने कसे पाच काढले. मी सहज माझं रडगाणं काढलं. त्याने खाणं थांबवलं.

"लॅपटॉपवर डेटा आहे का, ताई?"

होता. त्याने बोटं पुसली, माझ्या यादीतले चार वऱ्हाडे उचलून एक्सेलमध्ये एकाखाली एक ठेवले आणि शेजारच्या रकान्यात अक्षरांची लांबी मोजणारं सूत्र घातलं. उत्तर आलं: ७, ८, ८, ७. पहिल्या तीन नावांत दिसायला काडीचा फरक नाही, फक्त शेवटच्यात रफार होता आणि तो मी आजवर टायपिंगची चूक समजत होते.

मग त्याने एकेक नाव सोलून दाखवलं. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि पुढे ह. इन्स्क्रिप्ट कळफलकावर टाइप करणारी आमची ऑपरेटर असंच करते. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त, मग ह. तिसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, जे र ला रफार होऊ देत नाही. जुन्या फाँटमधून बदलताना वापरलेल्या साधनाने बहुधा हाच मार्ग घेतला होता. आणि चौथा प्रकार म्हणजे तिसऱ्याचंच लेकरू: कधीतरी कोणीतरी नको ती चिन्हं साफ करताना ते अदृश्य चिन्हही काढून टाकलं, आणि वऱ्हाडेचा वर्हाडे झाला. डोळ्यांना तीन नावं एक. यंत्राला चार माणसं.

"पहिल्या दोघांले युनिकोडचं नॉर्मलायझेशन एक करून देते," तो म्हणाला. "तिसऱ्याले नाही करत. ते आपल्याले स्वतः लिहावं लागते. आणि मूळ नावाले हात लावू नका. शोधासाठी वेगळा रकाना बनवा, त्यात सारे एकाच रूपात ठेवा, काउंटरवर टाइप केलेलंही त्याच रूपात आणून मग जुळवा. रफारवाले तेवढे रजिस्टरवरून डोळ्यांनी तपासा."

मी विचारलं, तुम्हाला हे कसं सापडलं? त्याच्याकडे मतदार यादीशी नावं जुळवताना हाच घोळ झाला होता. आठ दिवस तो एकटाच डोकं फोडत होता. "कोणाले सांगू, हेच समजत नव्हतं," तो म्हणाला. म्हणजे इकडे मी, दीडशे-दोनशे किलोमीटरवर तो, एकाच अक्षराने दोघांना छळलं, आणि आम्ही दोघंही प्रत्येक व्हीसीला हजर होतो. ताटातली सांबारवडी गार झाली होती. मी तशीच खाल्ली. त्या चवीची मला अजून आठवण आहे.

रात्री नागपूरच्या महाल भागात मावशीकडे राहिले. दुसऱ्या दिवसाबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही, सादरीकरणं वाचून दाखवली गेली. एका सत्रात नुसती शासन निर्णयांची उजळणी झाली. ती व्हीसीवरच बरी होती. हे मी मनापासून म्हणते. सिरोंच्याहून आलेल्या सहकाऱ्याला नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर पडतं, तो रात्रभर प्रवास करून आला होता. वर्ध्याकडच्या एका मॅडम लहान बाळामुळे येऊच शकल्या नाहीत. इतकं करून माणसं गोळा करायची आणि त्यांना पडद्यावरची पाटी वाचून दाखवायची, हे पटत नाही. अभिप्रायाच्या फॉर्मवर मी लिहिलं की माहिती द्यायची असेल तर व्हीसी घ्या. भेटायला बोलवाल तेव्हा अर्धा दिवस मोकळा सोडा, टेबलं द्या, प्लगपॉइंट द्या, आणि ज्याने त्याने आपला अडलेला डेटा घेऊन या असं पत्रातच कळवा. वरिष्ठांनी त्या वेळात दुसऱ्या खोलीत बसावं, हेही लिहिलं. पेनाने, नावासह.

शनिवारी महाशिवरात्र, रविवारी शिवजयंती. सोमवारी, २० तारखेला, काउंटर बंद झाल्यावर मी दुसऱ्या मशीनवर आमचा बॅकअप उघडला. नोकरीत पहिल्यांदा. फाइल उघडली, जीव भांड्यात पडला. मग कराच्या शेवटच्या पावतीची तारीख पाहिली: ९ नोव्हेंबर. त्या दिवशी डिस्क भरली होती. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज रात्री बॅकअप सुरू होत होता आणि अर्ध्यावर थांबत होता, आणि तसा संदेश एका अशा स्क्रीनवर येत होता जी आम्ही वीज वाचवायला बंद ठेवतो. मी खुर्चीत बसून राहिले. वहीतल्या त्या दोन रेघा डोळ्यासमोर होत्या. तीन वर्षं ती ओळ माझ्याकडे होती.

आता दोन डिस्क आहेत. एक आठवडाभर काढून सीओ साहेबांच्या कपाटात कुलपात असते, दर शुक्रवारी अदलाबदल होते. महिन्यातून एकदा मी बॅकअप उघडते आणि शेवटच्या पावतीची तारीख वहीत लिहून सही करते.

शोधाचा नवा रकाना बनवायला चार संध्याकाळी लागल्या. चंद्रपूरच्या भावाला त्यासाठी सहा फोन केले, एकदा तर तो हळदीच्या कार्यक्रमात होता, तरी बाजूला जाऊन बोलला. रफार झालेली १३७ नावं निघाली. ती मी आणि ऑपरेटर जुन्या रजिस्टरवरून तपासतो आहोत, आज ९० वर आलोय. ऱ्य वाली नावं अजून बाकी आहेत. आजींचं खातं आता नाव टाइप करताच येतं. त्यांना निरोप पाठवला आहे की पुढच्या वेळी पावती शोधत बसू नका.

काल सीओ साहेबांकडे अर्ज दिला. पुढच्या कार्यशाळेला माझ्यासोबत कर विभागातल्या ऑपरेटरलाही पाठवावं. नावं रोज ती टाइप करते, कोणतं नाव कुठे अडतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि दहा वर्षांच्या नोकरीत तिला कोणी कुठे पाठवलेलं नाही. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला आणि शेरा मारला: "मार्चअखेर वसुलीनंतर सादर करावे." नाही म्हटलेलं नाही. मार्च संपायला तीन आठवडे आहेत. अर्जाची प्रत निळ्या वहीत लावून ठेवली आहे.